उंबरमाथ्याचा हरवलेला गारवा

एकाच गावात, एकाच पहाटे, बहीण थंडीने कुडकुडते आणि तिचा सख्खा भाऊ उकाड्याने तळमळतो. दोघांमधलं अंतर किती, तर जेमतेम दीडशे पावलांचं. असं कुठे असतं का? उंबरमाथ्याला होतं. आणि गंमत म्हणजे ज्यांच्या हातून ते झालं होतं, त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता.

उंबरमाथा नकाशात शोधत बसू नका, सापडायचा नाही. आणि ही गोष्ट आजची नाही, अजून पंचवीस-तीस वर्षांनंतरची आहे. तेव्हा घरांच्या छपरांवर सूर्यकापड (उन्हापासून वीज तयार करणारं कापड) ताणलेलं असे, टपाल उडत येई, आणि पायथ्यापासून वर यायला तारेवरचा पाळणा होता. बाकी गाव तुमच्या-आमच्या ओळखीचंच, सह्याद्रीच्या एका सोंडेवर वसलेलं. सगळ्यात वर सडा, म्हणजे गवताचं मोठं उघडं पठार. त्याच्या खाली बशीसारखं खोलगट मैदान. मैदानाच्या खालच्या टोकाला दोन टेकाडांमधली खिंड, आणि खिंडीखाली उतारावर खालची आळी. आळीत घरं चाळीस.

डोंगरातल्या गावात सपाट जागा म्हणजे सोनंच. त्या एका मैदानावर गावातली सगळी पोरं खेळत, धावत, पतंग उडवत, आणि सुट्टीला आलेले पाहुणे डोंगर चढायच्या आधी तिथेच हातपाय मोकळे करत. मात्र इथल्या क्रिकेटला एक नियम होता, तुमच्याकडे नसेल. चेंडू खिंडीतून खाली गेला की मारणारा बाद, आणि आणायलाही त्यानेच जायचं. खिंडीचा उतार असा निसरडा, की इथली पोरं लांब फटका मारायला शिकलीच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी राघू ढेबेने चुकून एक जोरकस फटका हाणला. चेंडूमागे उतरताना त्याचा पाय निसटला आणि मांडीचं हाड मोडलं. राघू तेव्हा सहा वर्षांचा. तीन महिने अंथरुणावर होता.

राघूचे वडील, सागर ढेबे, गावातले नावाजलेले गवंडी. खालच्या आळीतली निम्मी माणसं गवंडीकामच करणारी. राघू दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी सगळ्यांनी ठरवलं, आता पुरे. दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधायची आणि संध्याकाळी हातपाय धुण्याआधी खिंडीत येऊन दगड रचायचे, असा एक अख्खा हिवाळा त्यांनी काढला. या टेकाडापासून त्या टेकाडापर्यंत, नऊ फूट उंचीची, घडीव काळ्या दगडाची भिंत उभी राहिली. इतकी देखणी, की पाळण्यातून उतरणारे पाहुणे आधी तिचाच फोटो काढत. येण्याजाण्यासाठी टेकाडावरून पायऱ्या केल्या. पोरं बिनधास्त षटकार मारायला लागली. आळीने आपल्या लेकरांसाठी केलेलं ते काम होतं, आणि लेकरांना त्याची जाण होती.

त्यानंतर आले दोन उन्हाळे, आणि दोन्ही वाईट. आळीतली घरं दिवसभर तापत आणि रात्रभर निवत नसत. माणसं ओल्या चादरी घेऊन गच्चीवर झोपत, तान्ही मुलं रात्रभर किरकिरत. जो तो म्हणे, हवामानच बदललंय, त्याला आपण काय करणार? ते खरंच होतं म्हणा. जगभर उन्हाळे तापले होते, मग उंबरमाथा तरी कसा सुटेल?

याच सुमाराला गावात मापाडी आला.

मापाडी म्हणजे यंत्रमानव. राज्याच्या वास्तव्य-मापन खात्याने (कुठली वस्ती राहण्याजोगी आहे हे तपासणाऱ्या खात्याने) पाठवलेला. गुडघ्यातून वाकणारे चार पाय, वर गोल डोकं, आणि डोक्यावर पांढरी टोपी. टोपीखाली तापमापक (गरम-गार मोजायचं साधन) ठेवलेला. आठवडी बाजारात धान्य मापून देणाऱ्याला मापाडी म्हणतात, म्हणून आळीतल्या बायकांनी त्याला ते नाव ठेवलं आणि त्यानेही ते निमूटपणे घेतलं.

त्याचा नियम साधा होता. रात्रभरात तापमान एकदाही सव्वीस अंशांच्या खाली उतरलं नाही, तर ती रात्र तप्त. तीस रात्री मोजायच्या. त्यांतल्या वीसपेक्षा जास्त तप्त निघाल्या, तर वस्ती राहण्यास अयोग्य ठरणार आणि चाळीसही घरांनी पायथ्याच्या नव्या वसाहतीत जायचं. तिथली घरं यंत्राने गार केलेली, पण दारं-खिडक्या कायम बंद. पायथ्याला एप्रिलमध्ये मैदानी तास (बाहेर खेळणं धोक्याचं नसतं असे दिवसातले तास) मिळे जेमतेम एक, तोही भल्या सकाळी. कस्तुरीची मावसबहीण तिथेच राहायची. ती सांगायची, आम्ही चेंडू खोलीत खेळतो, आणि तोही स्पंजाचा.

कस्तुरी म्हणजे राघूची ताई, अकरा वर्षांची. तिला धावण्याचं भारी वेड. मार्गशीर्षात सड्याला वळसा घालून डोंगरदौड असायची आणि यंदा तिला त्यात उतरायचं होतं. रोज पहाटे ती पायऱ्या चढून मैदानावर जाई आणि दहा फेऱ्या मारी. हे गाव सोडलं, तर दौडही सुटणार होती. रोज सकाळी परतताना ती मापाडीला आकडा विचारी. मग तेविसाव्या सकाळी तो म्हणाला, तेवीस रात्री झाल्या, तप्त अठरा. कस्तुरीचं तोंड एवढंसं झालं.

मापाडी मात्र तिच्या पायांकडे बघत होता. "कस्तुरीताई, आपल्या पायांवर काटा आला आहे. कारण कळेल का?"

कस्तुरीने सांगितलं, एक तर मला आपण-बिपण म्हणू नकोस, आणि दुसरं म्हणजे मैदानावर थंडी असते, दवाने पाय ओले होतात. मापाडी गप्प झाला. तो असा गप्प झाला की समजायचं, आत काहीतरी जुळवाजुळव चाललीय. मग त्याने विचारलं, मैदान आळीपासून किती उंचावर आहे? कस्तुरी म्हणाली, पायऱ्या मोजल्या तर ऐंशी. त्यावर तो म्हणाला, डोंगरात शंभर मीटर वर चढलं तर हवा साधारण पाऊण अंश गार होते. ऐंशी पायऱ्यांनी कितीसा फरक पडणार? पाव अंशसुद्धा नाही. तेवढ्याने अंगावर काटा येत नाही.

"मग चल आणि मोज," कस्तुरी म्हणाली.

मापाडीने नकार दिला. मैदानात कुणी राहत नाही, म्हणून त्याच्या यादीत मैदान नव्हतं. पण कस्तुरीही काही कमी नव्हती. संध्याकाळी सहा ते सात हा मापाडीचा वीज भरून घ्यायचा वेळ होता, आणि त्या तासात त्याने कुठे उभं राहायचं हे कुठल्याच नियमात लिहिलं नव्हतं. तिने त्याला तेच ऐकवलं. मापाडीने नियमावली पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली, त्याला अर्धा क्षण लागला, आणि तो कबूल झाला.

संध्याकाळी दोघं मैदानाच्या मध्यावर उभी राहिली. सूर्य नुकताच कड्याआड गेला होता, वाऱ्याचं नाव नव्हतं. मापाडीने नियमाप्रमाणे माणसाच्या छातीच्या उंचीला मोजलं, सत्तावीस अंश. आळीतून निघताना तीस होते. फरक होता, पण काटा यावा असा नाही. कस्तुरी म्हणाली, तिथे नको, खाली मोज, माझे पाय गारठतात, छाती नाही. मापाडीने कुरकुर केली, पायाच्या उंचीला मोजायची पद्धत नाही म्हणाला, पण वाकला. गुडघ्याला तेवीस, घोट्याला एकोणीस. वाकलेला मापाडी तसाच वाकून राहिला.

"एकाच जागी आठ अंशांचा फरक," तो म्हणाला. "कस्तुरी, तुझे पाय माझ्यापेक्षा हुशार आहेत."

पण गार हवा पायाशी आली कुठून? मापाडी म्हणाला, हवा दिसत नाही ही सगळी पंचाईत आहे, तिला रंग द्यायला हवा. कस्तुरी तशीच घरी पळाली आणि एक गोवरी घेऊन आली. सड्याच्या कडेला, जिथून मैदान सुरू होतं, तिथे तिने ती पेटवून धुमसत ठेवली. तुम्हाला वाटेल धूर सरळ वर जाईल. तो आधी हातभर वर गेलाही. मग निवला, आडवा झाला आणि गवतातून हळूहळू उताराला लागला. मैदानाचा मध्य ओलांडून तो भिंतीपाशी पोचला. तिथे थांबला, मागून येणाऱ्या धुराखाली साचत गेला, कस्तुरीच्या कमरेपर्यंत आला. बऱ्याच वेळाने मैदानाच्या पूर्वेच्या कडेवरून तो सांडायला लागला, पलीकडच्या ओढ्यात, जिथे माणसाचं घर औषधालाही नाही. खालच्या आळीकडे एक रेघसुद्धा गेली नाही.

कस्तुरी म्हणाली, नीट समजावून सांग, एकेक पायरी. मापाडीने मग सांगितलं ते असं. दिवसभर ऊन खाऊन जमीन तापते. सूर्य मावळला की ती आपली उष्णता आकाशाकडे सोडायला लागते. याला उत्सर्जन म्हणतात (उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकणं). दगड आणि सिमेंट ही उष्णता कंजुषासारखी धरून बसतात, पण उघड्या माळावरचं गवत ती भराभर सोडून देतं. म्हणून सडा लवकर निवतो. आता सड्याला टेकलेली हवाही निवते. हवा निवली की आकसते. आकसली म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते, तिची घनता वाढते (घनता म्हणजे ठरावीक जागेत किती ऐवज भरलाय ते). थोडक्यात, गार हवा गरम हवेपेक्षा जड असते. आणि डोंगरउतारावर जड वस्तू काय करेल?

"खाली येईल," कस्तुरी म्हणाली. "पाण्यासारखी."

अगदी पाण्यासारखी, मापाडी म्हणाला. सड्यावरून तिचे ओघळ निघतात, मैदानाच्या बशीत एकत्र येतात आणि जिथे वाट सापडेल तिथून पुढे जातात. पाऊस फक्त चार महिने पडतो, पण हा गार हवेचा ओढा आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या प्रत्येक संध्याकाळी वाहतो. एवढं बोलून तो थांबला. पुढची पायरी त्याला दिसत होती, पण ती कस्तुरीने चढावी असं त्याला वाटत असावं.

कस्तुरी भिंतीकडे बघत होती. खिंडीत बांधलेली, टेकाडापासून टेकाडापर्यंत, नऊ फूट. आळीचा गारवा वर्षानुवर्षं या खिंडीतून खाली यायचा. आता तो भिंतीशी तुंबत होता, बंधाऱ्यामागे पाणी तुंबावं तसा. म्हणून मैदानावर दव आणि आळीत घाम. उन्हाळा तापला होता हे खरंच, मापाडी म्हणाला, त्यात शंका नाही. पण तापत्या उन्हाळ्यात गावाला मिळणारा थोडासा गारवासुद्धा वाया घालवून चालत नाही. आधीपेक्षा आता त्याची गरज जास्त आहे.

कस्तुरीला इतका आनंद झाला की रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. उकाड्यामुळेही लागली नसती म्हणा. सकाळी मापाडीने आकडा सांगितला, तप्त रात्री एकोणीस. ती तशीच घराकडे पळाली. वडील ओट्यावर चहा घेत होते, शेजारचे पार्टेकाकाही होते. आणि कस्तुरी धापा टाकत बोलून गेली, "बाबा, तुमच्या भिंतीमुळेच आपल्याला गाव सोडावं लागणार आहे."

मग तिने गोवरीचा धूर, घोट्याजवळचे एकोणीस अंश, जड हवा, सगळं भडाभडा सांगितलं. सांगणं चोख होतं, एकही चूक नव्हती. पण सागर ढेब्यांनी चहाचा कप अर्धा तसाच खाली ठेवला, थापी-ओळंब्याची पिशवी उचलली आणि कामावर निघून गेले. पार्टेकाका म्हणाले, पोरी, राघूचा पाय आठव जरा, आणि तेही उठले.

आई आतून बाहेर आली. ती रागावली नाही, हेच कस्तुरीला जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "त्या भिंतीतला एकेक दगड त्यांनी दमलेल्या हातांनी रचलाय गं. तुमच्यासाठी." कस्तुरीने तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते. खरं सांगायला ती निघाली होती, पण ते कुणाला सांगतोय याचा तिला विसर पडला होता.

दिवसभर ती घरातून बाहेर पडली नाही. संध्याकाळी वडील कामावरून आले ते घरात न येता सरळ पायऱ्या चढून मैदानाकडे गेले. कस्तुरी लांबून मागे गेली. पाहते तर वडिलांनी चपला काढल्या होत्या आणि भिंतीच्या वरच्या अंगाला ते अनवाणी उभे होते. मग पायऱ्या उतरून ते भिंतीच्या खालच्या अंगाला गेले, तिथे उभे राहिले. पुन्हा वर आले. असं त्यांनी तीनदा केलं. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा त्यांनी कस्तुरीला पाहिलं आणि हाताने जवळ बोलावलं.

"डोंगरात मातीला टेकून भिंत घालायची, तर खाली भोकं ठेवावीच लागतात," ते म्हणाले. "मागचं पाणी निघून गेलं पाहिजे, नाहीतर ते भिंतीला धक्का देतं. माझ्या आजोबांनी मला पहिलं शिकवलं ते हे. बिनभोकाची भिंत मी जन्मात बांधली नव्हती. ही बांधली. म्हटलं, मैदानात कसलं आलंय पाणी? भोकं ठेवली तर दिसायला वाईट दिसेल."

कस्तुरीला वाटलं, आता ते रागावतील किंवा रडतील. पण ते गवंडी होते, आणि गवंडी भिंतीकडे बघून फार वेळ दुःख करत नाही. "हवासुद्धा पाणीच निघाली की," ते म्हणाले. "मग तिलाही भोकं ठेवू."

कस्तुरीला मनातलं खूप काही बोलायचं होतं, पण ते नेमकं कसं बोलायचं ते सापडेना. वडिलांचा हात धरून ती उभी राहिली.

त्याच संध्याकाळी आळी जमली. पार्टेकाकांचं म्हणणं, भिंत पाडायची असेल तर मी हात लावणार नाही, पोरं पुन्हा दरीत जातील. सागर ढेब्यांनी सांगितलं, भिंत पाडायची नाही. भिंत जागच्या जागी राहील, चेंडूही अडेल आणि पोरंही. फक्त तळाला अकरा वाटा काढायच्या, मांडीएवढ्या उंच, आणि त्यांना गज लावायचे. गार हवा जमिनीला धरून वाहते, मग तिला वाटही जमिनीलगतच हवी. मापाडी हजर होता. कुणीतरी त्याला विचारलं, अरे, तू तरी एक-दोन आकडे कमी लिही की. मापाडी म्हणाला, मला जे दिसतं ते मी लिहितो, आणि उद्या थंडी दिसली तर तीही लिहीन. सगळे हसले. खूप दिवसांनी आळी हसली.

ती रात्रही तप्त निघाली. वीस झाल्या. आता आणखी एक तप्त रात्र, की खेळ खलास.

दुसऱ्या दिवशी आळीतलं कुणीच बाहेरच्या कामावर गेलं नाही. उजाडायच्या आधीपासून छिन्नी-हातोड्यांचा आवाज सुरू झाला. हे काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. दगड नुसते उपसले असते तर वरची भिंत खाली बसली असती. आधी दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचा, मग दगड काढायचे, मग वर एक लांब दगड आडवा बसवायचा, म्हणजे वरचा भार तो पेलतो. असं अकरा वेळा. बायका घमेल्यांतून दगड वाहत होत्या, पोरं पाणी आणि भाकरी पोचवत होती, राघू गजांना रंग लावता लावता स्वतःलाही लावून घेत होता. सर्वांत आधी छिन्नी उचलली ती पार्टेकाकांनी, आणि दुपारी जेवायला बसायलाही तेच तयार नव्हते. मापाडी टेकू धरायला उभा राहिला. त्याची वीज भरायची वेळ नव्हती, पण मोजायचीही नव्हती, आणि यावर त्याला कुणी काही विचारलं नाही.

सूर्य कड्याला टेकला तेव्हा दहा वाटा झाल्या होत्या. अकराव्या वाटेचा आडवा दगड बसला तेव्हा कुणाचा हात कुणाला नीट दिसत नव्हता.

मग सगळे खाली आळीत आले आणि आपापल्या ओट्यांवर बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काहीच नाही. भिंती दिवसभराची धग बाहेर टाकत होत्या, कपाळावरून घाम ओघळत होता. कस्तुरीला वाटायला लागलं, आपलंच काही चुकलं असेल तर? अख्ख्या आळीला आपण दिवसभर राबवलं, बाबांना त्यांची भिंत फोडायला लावली, आणि उद्या सगळ्यांनी बोचकी बांधायची?

राघू सगळ्यात खालच्या पायरीवर पाय सोडून बसला होता. तो म्हणाला, "आई, माझ्या पायाला काहीतरी गार लागतंय."

कस्तुरी टुणकन उडी मारून खाली आली. खरंच. घोट्यांना हलकंसं काहीतरी शिवून जात होतं. वारा म्हणावा इतकंही नाही, पान हलत नव्हतं. मग ते पोटऱ्यांपर्यंत आलं, गुडघ्यांपर्यंत आलं. सड्यावरच्या गवताचा वास आला. एकेक करत माणसं ओट्यावरून उठून रस्त्यावर आली, चपला काढून उभी राहिली. कुणीतरी दारं उघडी टाका म्हणून ओरडलं, आणि चाळीस घरांची दारं उघडली. पार्टेकाकांनी डोळे पुसले आणि घाम पुसल्यासारखं केलं. कस्तुरीला तेव्हा जे वाटलं ते एकाच शब्दात सांगता येईल, कृतज्ञता. सड्याबद्दल, गवताबद्दल, त्या न दिसणाऱ्या ओढ्याबद्दल, आणि सगळ्यात जास्त ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या जागी झोपी गेलेल्या आपल्या वडिलांबद्दल. त्यांचे हात सोलवटले होते आणि केसांत दगडाचा चुरा होता.

पहाटे गारव्याने तिला जाग आली. घरातच. तिने चादर शोधली आणि बाहेर जाऊन वडिलांच्या अंगावर घातली. ते जागे झाले. मग कस्तुरीने भिंतीपाशी न सापडलेलं बोलणं बोलून टाकलं. "बाबा, तुम्ही भिंत बांधलीत म्हणून आम्ही खेळलो. हे मी आधी बोलायला हवं होतं, बाकीचं नंतर."

वडील म्हणाले, "तू बोललीस म्हणून आपण इथे राहिलो. पहिलं काय आणि नंतर काय." आणि त्यांनी चादर अर्धी तिच्या अंगावर ओढली.

मापाडी गल्लीतून येत होता. त्याने आकडा सांगितला, चोवीस अंश. मग कुणी न विचारताच पुन्हा एकदा सांगितला. पुढच्या चारही रात्री निरभ्र होत्या आणि चारही गार निघाल्या. तिसाव्या सकाळी त्याने अहवाल पाठवला, त्यात एवढंच लिहिलं होतं, खालची आळी, उंबरमाथा, राहण्यास योग्य. आळीने त्याच्या पांढऱ्या टोपीला झेंडूची माळ घातली. ती मोजमापात अडथळा आणेल असं त्याने सांगितलं आणि काढली मात्र नाही.

निघताना तो पाळण्याच्या फलाटावर कस्तुरीपाशी थांबला. त्याने सांगितलं की डोंगरातली आणखी चौदा गावं त्याच्या यादीत आहेत. सगळ्यांची तक्रार एकच, पूर्वी रात्री गार असायच्या, आता नाहीत. कुठे खिंडीत हॉटेल झालंय, कुठे उताराला आडवं कुंपण, कुठे दाट झाडांची रांग. आता तो आधी घोट्याच्या उंचीला मोजणार होता आणि गोवरी कुठे मिळते हेही विचारणार होता. सगळीकडे हाच उपाय लागू पडेल असं नाही, पण काही ठिकाणी नक्की पडेल. त्याला आणखी एक शंका होती. भिंत सापडली, तर ती बांधणाऱ्या माणसांशी पहिलं वाक्य काय बोलायचं? याबद्दल नियमावलीत काहीच नव्हतं.

कस्तुरीने थोडा विचार केला.

"आधी विचार, ती कुणासाठी बांधलीत," ती म्हणाली. "मग त्यांचे आभार मान. मग त्यांना चपला काढायला सांग आणि भिंतीपाशी अनवाणी उभं कर."

मापाडी गप्प झाला. आत जुळवाजुळव चालली होती.

"नोंद घेतली," तो म्हणाला, आणि पाळण्यात चढला.